ख्रिस्ती शाळेची खरी परीक्षा मधल्या सुट्टीत

एखाद्या ख्रिस्ती शाळेचं कौतुक कानावर येतं तेव्हा त्यात दोन शब्द हमखास असतात: शिस्त आणि निकाल. पालक प्रवेशासाठी धडपडतात ते यांच्यासाठी, आणि संस्थेच्या वार्षिक अहवालात पहिलं पानही यांनाच मिळतं. दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. पण जी शाळा स्वतःला ख्रिस्ती म्हणवते तिनं आणखी एका प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. इथली मुलं शिकण्यात रमतात का, आणि एकमेकांच्या सोबतीत त्यांना बरं वाटतं का?

हा प्रश्न अनेकांना दुय्यम वाटतो. आधी अभ्यासक्रम पुरा होऊ दे, वर्ग शांत बसू दे, मग आनंदाचं बघू, असा एकूण सूर असतो. मला हा क्रम मान्य नाही. ख्रिस्ती शाळेत आनंद श्रद्धेच्या गाभ्यातूनच यायला हवा. तो कुठे दिसतच नसेल, तर भिंतीवर क्रूस असूनही आणि रोज सकाळी प्रार्थना होऊनही त्या शाळेनं आपली शिकवण वर्गाच्या दाराबाहेर ठेवली आहे, असंच म्हणावं लागेल.

बायबलचं पहिलंच पान उघडावं. उजेड, पाणी, झाडं, मासे, पाखरं असं एकेक घडत जातं आणि पुन्हा पुन्हा देव पाहतो की ते चांगलं आहे. ज्याला हे खरं वाटतं त्याच्यासाठी विज्ञानाचा तास, भूगोलाचा नकाशा, अपूर्णांकांचं गणित हे सगळे त्या चांगुलपणाच्या जवळ जाण्याचे रस्ते आहेत. मुंगीचा पाय भिंगाखाली पाहून मुलाच्या तोंडून ‘अरेच्चा!’ निघतं, तेव्हा धर्मशिक्षणाच्या तासाला जे सांगायचं असतं त्यातलं निम्मं सांगून झालेलं असतं.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. येशूचा बाप्तिस्मा होतो तेव्हा आकाशातून वाणी येते की हा माझा प्रिय पुत्र आहे, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. त्या घटकेपर्यंत शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या जीवनकथेत, त्यानं एकही प्रवचन दिलेलं नाही, एकाही रोग्याला बरं केलेलं नाही. शाबासकी आधी मिळते, काम नंतर सुरू होतं. ख्रिस्ती परंपरा याला कृपा म्हणते. हाच क्रम शाळेत आणून पाहावा. एरवी मुलाची किंमत ठरते ती निकालपत्रक हाती आल्यावर. ख्रिस्ती शाळेला तसं करायची मुभाच नाही. तिच्या दारातून आत आलेलं मूल पहिल्या दिवशीच, एकही चाचणी न देता, पुऱ्या मोलाचं असतं. चुकलो तरी आपल्याला इथून कुणी दूर लोटणार नाही, हे मुलाला एकदा कळलं की ते प्रश्न विचारू लागतं, उत्तर चुकलं तरी हात वर करतं. शिकण्याची गोडी लागते ती इथून पुढे.

धाकानं काय होतं हे याच परंपरेतल्या एका मोठ्या माणसानं स्वानुभवावरून लिहून ठेवलं आहे. संत ऑगस्टीनचा जन्म ३५४ साली उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते गावी झाला. आज ते ठिकाण अल्जीरियात येतं. शाळेत त्याला मार बसे. मार बसू नये म्हणून तो चिमुकला जीव देवाची करुणा भाकत असे, आणि घरची मोठी माणसं त्याच्या त्या वळांवर हसत. ग्रीक भाषा धाकदपटशानं शिकवली गेली, ती त्याला नकोशी झाली. लॅटिन मात्र तो दायांच्या लडिवाळ बोलण्यातून, थट्टामस्करीतून, खेळताखेळता शिकला. पुढे आपल्या जीवनकथेत त्यानं लिहिलं की भाषा शिकायला जबरदस्तीपेक्षा मोकळं कुतूहल अधिक कामी येतं. त्या कुतूहलाला शिस्तीचा बांध लागतो, हेही त्यानं तिथेच म्हटलं आहे, आणि ते मला पटतं. पण आधी प्रवाह असावा लागतो, मग बांध. कित्येक शाळा बांध घालण्यातच सगळी शक्ती खर्च करतात आणि पाणी कुठून येणार याचा विचार करत नाहीत.

ज्यांनी तो विचार केला अशी माणसं या परंपरेत वेळोवेळी होऊन गेली. १४२३ साली इटलीतल्या मांतुआच्या सत्ताधीशानं विट्टोरिनो दा फेल्त्रे या शिक्षकाला आपल्या मुलांना शिकवायला बोलावलं आणि शाळेसाठी एक विलासी वाडा दिला. विट्टोरिनोनं तिथला डामडौल काढून टाकला, वाड्याला ‘काझा जोकोसा’ म्हणजे आनंदगृह म्हटलं, आणि सरदारपुत्रांच्या शेजारी गरीब घरची मुलं आणून बसवली. त्या मुलांना फी नव्हती. ग्रीक, लॅटिन, गणित आणि संगीत, त्याच्या जोडीला मैदानी खेळ आणि रोजची प्रार्थना, असा तिथला दिवस असे. सत्ताधीशाची मुलगी चेचिलिया हीसुद्धा तिथेच शिकली.

दोनशे वर्षांनी मोराव्हियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञानं हाच धागा पुढे नेला. तो ‘बंधूंची एकता’ या ख्रिस्ती पंथाचा बिशप होता. युरोपातल्या ‘तीस वर्षांच्या युद्धा’त त्याचं घरदार गेलं, साथीच्या रोगात बायको आणि दोन मुलं गेली, आणि उरलेलं आयुष्य परमुलखात गेलं. अशा माणसानं आपल्या काळातल्या शाळांना बुद्धीचे कत्तलखाने म्हटलं, आणि १६५८ साली न्यूरेम्बर्गमध्ये मुलांसाठी चित्रांचं पुस्तक छापलं. त्यात अक्षरओळख आहे ती प्राण्यांच्या आवाजांतून: कावळा ‘आ आ’ करतो, कोकरू ‘बे बे’ करतं. पुस्तक सुरू होतं देवापासून, मग आभाळ, आग, पक्षी, पाव भाजणं, जोडे शिवणं असं करत मुलाला सगळ्या जगातून फिरवून आणतं. ज्याच्याकडे कडवट होण्याची सगळी कारणं होती, त्यानं पहिल्या धड्यात मुलाला कावळ्याची आणि कोकराची नक्कल करायला लावली. ख्रिस्ती शिक्षणातल्या आनंदाबद्दल बोलताना मला हा माणूस आठवतो, कारण त्याचा आनंद सुखवस्तूपणातून आलेला नव्हता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. आनंद आनंद म्हणत शाळेची जत्रा होईल, मुलं कष्ट टाळतील, पाढे कुणी पाठ करणार नाही. शिक्षण म्हणजे करमणूक असं मानणाऱ्या शाळा असतातही. पण मुलांना नीट पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे की रंगीत फुगे आणि टाळ्यांनी मिळणारा उत्साह दुपारपर्यंतही टिकत नाही. तासभर अडलेलं गणित सुटतं तेव्हा मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते वेगळं असतं, आणि कष्टावाचून ते येतच नाही. फ्रेंच विचारवंत सिमोन वेल हिनं तर पुढचं पाऊल टाकलं. भूमितीचं कोडं मन लावून सोडवायला घेतलं आणि ते सुटलं नाही, तरी ती मेहनत वाया जात नाही, असं तिचं म्हणणं. त्या वेळी जी एकाग्रता कमावली जाते तीच पुढे प्रार्थनेत आणि दुःखी माणसाकडे लक्ष देण्यात उपयोगी पडते. धावणाऱ्याला जसा श्वास, तशी शिकणाऱ्याला गोडी लागते, असंही तिनं लिहिलं आहे. म्हणजे गोडी हे अभ्यासानंतर मिळणारं बक्षीस नाही. अभ्यास चालतो तोच तिच्या जोरावर.

आता मैदानाकडे वळतो. डॉन बॉस्को हा इटलीतला धर्मगुरू १८१५ साली एका गरीब शेतकरी कुटुंबात जन्मला. १८३२ साली, स्वतः विद्यार्थी असतानाच, त्यानं कियेरी गावात मित्रांचं एक आनंद मंडळ काढलं होतं. ख्रिस्ती माणसाला न शोभणारं काही करायचं नाही, आपली कर्तव्यं पार पाडायची आणि आनंदी राहायचं, इतकीच त्याची शिस्त. पुढे तुरिन शहरात रस्त्यावरच्या, कारखान्यांत राबणाऱ्या मुलांसाठी त्यानं घर आणि शाळा उभी केली. ती वाढली, तिचं नाव झालं. आणि मग १० मे १८८४ रोजी म्हाताऱ्या डॉन बॉस्कोनं रोमहून आपल्या सहकाऱ्यांना एक पत्र पाठवलं. शाळा चालवणाऱ्या प्रत्येकानं ते वाचावं असं मला वाटतं.

पत्रात दोन मधल्या सुट्ट्यांचं वर्णन आहे. एक सुरुवातीच्या काळातली: मुलं धावताहेत, उड्या मारताहेत, गाताहेत, गोष्ट सांगणाऱ्या धर्मगुरूभोवती घोळका जमलाय, शिक्षक मुलांच्या खेळात मिसळलेत. दुसरी त्या वेळची: मुलं खांबांना टेकून उभी आहेत, काही जिन्यावर गुपचूप बसली आहेत, चेहऱ्यांवर कंटाळा आणि संशय, आणि बहुतेक शिक्षक आपापसात बोलत फेऱ्या मारताहेत किंवा दुरून लक्ष ठेवून आहेत. इमारत मोठी झाली होती, मुलांची संख्या वाढली होती, वेळापत्रक चोख होतं. डॉन बॉस्कोचं दुखणं एवढंच की शिक्षक आता फक्त वरिष्ठ उरले होते. वडील, भाऊ, मित्र राहिले नव्हते. मुलांवर आपण प्रेम करतो एवढं पुरेसं नाही, आपल्यावर प्रेम आहे हे मुलांना कळलं पाहिजे, असं त्यानं लिहिलं.

मला या पत्राचं मोठेपण वाटतं ते त्याच्या मोजपट्टीत. त्यानं सुरुवात निकालांपासून केली नाही, उपासनेच्या हजेरीपासूनही केली नाही. त्यानं आधी मोकळ्या वेळात कोण कुणाबरोबर आहे ते पाहिलं. व्यवस्थापन समितीनं शाळेला भेट दिली की तिला कार्यालयात बसवून फायली दाखवल्या जातात आणि स्वागतगीत ऐकवलं जातं. त्याऐवजी तिनं अर्धा तास मैदानाच्या कडेला बसावं. कोणतं मूल सगळी सुट्टी एकटं घालवतं, कुणाला खेळात घेत नाहीत, मुख्याध्यापिका येताना दिसल्या की खेळ थांबतो की चालू राहतो, एवढं पाहिलं तरी त्या शाळेबद्दल फायलींपेक्षा जास्त कळेल.

एकटं पडलेलं मूल हा ख्रिस्ती शाळेसाठी शिक्षणशास्त्राइतकाच धर्मशास्त्राचाही विषय आहे. प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहिताना मंडळीला शरीर म्हटलं, आणि जे अवयव दुबळे वाटतात तेच अधिक गरजेचे असतात, असं बजावलं. वर्गात जाहीरपणे क्रमांक लावणारी शाळा याच्या नेमकं उलटं शिकवते. पहिल्या तिघांची नावं फलकावर झळकतात तेव्हा उरलेल्या साऱ्या वर्गाला आपली जागा सांगितली जाते, आणि ज्याला मित्र म्हणायचं तो वाटेतला अडथळा होऊन बसतो. गुणपत्रिका असू द्यावी. तिचा जाहीर तमाशा मात्र बंद व्हावा. त्याच वेळात वरच्या वर्गातल्या मुलानं खालच्या वर्गातल्या मुलाला वाचायला शिकवलं, तर दोघांचंही वाचन सुधारेल, आणि मोठ्याला आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो हे उमगेल. संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या मठाच्या नियमात सांगितलं आहे की महत्त्वाचा निर्णय घेताना सर्वांना बोलवावं, कारण पुष्कळदा देव अधिक चांगली गोष्ट लहानांना सुचवतो. दीड हजार वर्षांपूर्वी मठात जे शक्य होतं ते शाळेच्या विद्यार्थी सभेत अशक्य का असावं?

या परंपरेचं दुसरं पान उघडल्याशिवाय हे सगळं म्हणण्याचा मला अधिकार नाही. कॅनडात मूलनिवासी मुलांना घरांपासून तोडून निवासी शाळांत ठेवलं गेलं. पैसा सरकारचा होता, चालवणाऱ्या बहुतांशी ख्रिस्ती मंडळ्या होत्या. शंभराहून अधिक वर्षांत सुमारे दीड लाख मुलं या शाळांतून गेली. शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली. मुलांना स्वतःची भाषा बोलायला बंदी होती, बोलली तर शिक्षा होती. उपासमार, अत्याचार झाले, हजारो मुलं दगावली. सत्य आणि समेट आयोगानं २०१५ च्या अहवालात याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं, आणि २०२२ साली पोप फ्रान्सिस यांनी कॅनडात जाऊन क्षमा मागितली. आयर्लंडमधल्या धार्मिक संस्थांच्या निवासी शाळांबद्दल २००९ साली आलेला चौकशी अहवालही असाच अंगावर काटा आणणारा आहे.

त्या शाळांतही रोज प्रार्थना होत होती, गीतं म्हटली जात होती, रांगा सरळ होत्या. म्हणून प्रार्थना आणि शिस्त यांवरून शाळा ख्रिस्ती ठरते, हे मला मान्य नाही. ज्या मुलाला मोठ्यांसमोर मोकळेपणी हसता येतं, त्याला मोठ्यांविरुद्ध तक्रार करण्याचं धैर्यही बहुधा येतं. जिथे मुलांनी मोठ्यांना फक्त घाबरायचं असतं, तिथे अन्याय वर्षानुवर्षं झाकला जातो. अर्थात मुलांच्या सुरक्षिततेसाठी नुसत्या आनंदी वातावरणावर विसंबून चालणार नाही. स्पष्ट नियम हवेत, बाहेरच्या माणसांची देखरेख हवी, तक्रार ऐकणारी स्वतंत्र जागा हवी. पण सगळं आलबेल आहे असं अहवाल सांगत असताना मुलं गप्प आणि दबलेली दिसली, तर विश्वास मुलांच्या चेहऱ्यांवर ठेवावा.

मुलाची भाषा, नाव, घर पुसून जो समूह बनतो त्याला मी समुदाय म्हणत नाही. यातूनच दुसऱ्या धर्मांच्या मुलांचा प्रश्न येतो. ख्रिस्ती शाळेनं आपली श्रद्धा लपवू नये. ज्या शाळेला स्वतःची ओळख सांगायची लाज वाटते तिच्याजवळ मुलांना देण्यासारखं फारसं उरत नाही. पण प्रार्थनेत ओठ हलवायची सक्ती करू नये. सक्तीनं वदवून घेतलेली प्रार्थना देवालाही नको असेल, असं मी मनापासून मानतो. वेगळ्या धर्माच्या मुलाला इथे पाहुणा म्हणून सांभाळून घेतलं जातं की हक्काचा सोबती म्हणून धरलं जातं, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळतं.

आणि प्रश्न? श्रद्धेच्या शाळेत शंका विचारता येत नाहीत, असं पुष्कळांना वाटतं. शुभवर्तमानात येशूच्या शिकण्याच्या वयातला एकच प्रसंग आहे. बारा वर्षांचा असताना तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला सापडतो, त्यांचं ऐकत आणि त्यांना प्रश्न विचारत. ज्या धर्मशिक्षकाला मुलांच्या प्रश्नांचा राग येतो त्यानं हा उतारा पुन्हा वाचावा.

आनंदाची सक्ती हीसुद्धा एक क्रूर गोष्ट होऊ शकते, हे इथे सांगायला हवं. सदा हसतमुख राहा, देवाचे आभार माना, असं ज्या मुलाला सांगितलं जातं त्याचे वडील नुकतेच गेलेले असू शकतात. बायबल असा दबाव आणत नाही. स्तोत्रांच्या पुस्तकात विलापाची स्तोत्रं ढीगभर आहेत, लाजर या मित्राच्या कबरेपाशी येशू रडतो, आणि पौल रोमच्या मंडळीला आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करायला सांगतो तिथेच शोक करणाऱ्यांबरोबर शोक करायलाही सांगतो. वर्गातल्या एका घरात मृत्यू झाल्यावर बाकीच्यांनी कसं वागायचं हे ज्या वर्गाला कळतं, कुणी वही पुरी करून देतं, कुणी न बोलता शेजारी बसतं, त्या वर्गातला आनंद खोटा नसतो. तिथे दुःखाला जागा असते, म्हणून हसण्यावरही विश्वास ठेवता येतो.

शेवटी सगळं येऊन थांबतं शिक्षकांपाशी. इ. स. ४०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरातल्या एका डीकननं, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरच्या चर्चसेवकानं, ऑगस्टीनला कळवलं की श्रद्धेची तोंडओळख करून देताना तेच तेच सांगून मला कंटाळा येतो, माझं बोलणं मलाच नीरस वाटतं. ऑगस्टीननं त्याला लांबलचक उत्तर लिहिलं. त्याचं सार असं की शिकवणाऱ्याला स्वतःला गोडी वाटली तरच ऐकणाऱ्याला वाटते, म्हणून काय सांगावं याहून मोठी अडचण आहे ती प्रसन्न मनानं कसं सांगावं ही. एकेकाळी माराच्या भीतीनं देवाला हाका मारणारा मुलगा मोठेपणी शिक्षकाच्या प्रसन्नतेची अशी काळजी करतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ही प्रसन्नता परिपत्रक काढून येत नाही. नोंदवह्या, अहवाल, परीक्षांची कामं आणि समारंभांची तयारी यांत पिळून निघालेल्या शिक्षिकेला आनंदानं शिकवा म्हणणं हा तिच्यावर आणखी एक बोजा आहे. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या रेंस शहरी ला साल हा श्रीमंत घरातला धर्मगुरू गरीब मुलांच्या शाळांत लक्ष घालू लागला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की शिक्षकच एकाकी आणि उपेक्षित आहेत. १६८१ साली त्यानं त्यांना स्वतःच्या घरात राहायला आणलं, नातेवाईक संतापले. पुढे त्यानं चर्चमधलं मानाचं पद सोडलं, दुष्काळात आपली संपत्ती गरिबांत वाटून टाकली आणि त्या शिक्षकांचा एक बंधुसंघ उभा केला. मुलांचा समुदाय घडवायचा तर आधी शिक्षकांचा समुदाय हवा, हे त्यानं ओळखलं होतं.

आज कुणी शिक्षकांना घरी राहायला आणावं असं मी म्हणत नाही. माझी मागणी छोटी आहे. आठवड्यातला एक तास मोकळा करून शिक्षकांना एकत्र बसू द्यावं, आणि त्या तासाला नोंदवह्यांना बंदी असावी. कोणतं मूल गेले काही दिवस एकटं दिसतंय, कुणाच्या घरी काय चाललंय, कुठला धडा शिकवताना आपल्यालाच मजा आली, आपल्यापैकी कोण थकलंय, एवढंच बोलावं. त्यासाठी वरून मंजुरी आणायला नको, देणगी गोळा करायला नको. मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं तर येत्या सोमवारपासून हे सुरू करता येईल.